डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख कोण लिहिणार?

पुणेकरांनो, एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीकडे मागितलेल्या अनामत रकमेवरून सगळं शहर पेटून उठलं. उठायलाच हवं होतं. पण पैशाच्या प्रश्नावर रस्त्यावर येणारे आपण दुसऱ्या एका प्रश्नावर चिडीचूप आहोत. लाखोंचं बिल भरून एनआयसीयूतून घरी आणलेलं बाळ केवळ एक तपासणी वेळेत झाली नाही म्हणून जन्मभरासाठी आंधळं होऊ शकतं.

आजाराचं नाव रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आरओपी. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच जन्मलं की ती वाढ अर्धवट राहते. पुढे काही बाळांत त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढतात आणि शेवटी पडदा सुटतो. वरून डोळा छान टपोरा दिसतो. घरच्यांना कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

धोका कोणाला? दिवस जितके कमी आणि वजन जितकं कमी, तितका धोका जास्त. त्यात भर पडते ती रक्तातला जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास, पुन्हा पुन्हा रक्त चढवणं आणि वजन न वाढणं यांची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेहिशेबी ऑक्सिजन. ही काही नवीन गोष्ट नाही. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्येच याकडे बोट दाखवलं होतं. ऑक्सिजन बंद करा असं कोणीच म्हणत नाही, तो जीव वाचवतो. पण तो मोजून द्या! हवेत मिसळून देणारं यंत्र हवं आणि रक्तातलं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवणारी नर्स हवी. करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आला. मग काचेच्या पेटीतल्या बाळाच्या ऑक्सिजनवर चोवीस तास नजर का नसावी?

अमेरिकेत साधारण दीड किलोपर्यंतच्या बाळांची ही तपासणी करतात. आपल्याकडे मर्यादा दोन किलोची आहे, कारण इथे त्यातल्या त्यात वजनदार बाळांनाही हा आजार गाठतो. दोष बाळाचा नाही राव, आपल्या व्यवस्थेचा आहे.

नियम साधा आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा दोन किलोपेक्षा कमी वजन असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ फार आजारी असेल, तर त्याचीही करायची. तपासणी काही मिनिटांची असते. लेसर किंवा इंजेक्शनची गरज लागली तर ते दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं.

डॉक्टर मंडळी म्हणतात, ‘पालक परत येतच नाहीत.’ कसे येतील? आपल्याकडे सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत आणि तपासणीची मुदत तिसाव्या दिवशी संपते. त्या आजीला हे मराठीत कोणी समजावलं? डिस्चार्ज कार्डावर लसीची तारीख असते, डोळ्यांची का नसते?

न सांगणं हाही निष्काळजीपणाच. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांची एक मुलगी जन्मली. तिची तपासणी झाली नाही, आईवडिलांना धोकाही सांगितला नाही. मुलगी आंधळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. दृष्टी मात्र कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही.

पुण्यात तज्ज्ञ नाहीत म्हणावं, तर तेही नाही. महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय वर्षानुवर्षं या आजारावर काम करतंय. हा आजार फार पुढे गेल्यावर तिथे आलेल्या बाळांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये छापून आला. त्यातल्या बहुतेक बाळांची तपासणी वेळेत झालीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. म्हणून मागण्या त्याच्याकडेच:

१. एनआयसीयू चालवायचा असेल तर डोळे तपासायला येणारा तज्ज्ञ कोण, हे नोंदणी व नूतनीकरणाच्या वेळी लेखी घ्या.
२. डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख आणि ठिकाण मराठीत, ठळक अक्षरात असलंच पाहिजे.
३. ससून, कमला नेहरू आणि सर्व खासगी एनआयसीयूंतल्या किती बाळांची तपासणी झाली आणि किती सुटली, हे दरवर्षी जाहीर करा.

यातल्या एकाही मागणीला उड्डाणपुलाएवढा खर्च नाही. नगरसेवकांनी सभागृहात विचारायला काय हरकत आहे?

तोवर आपण एक करू. घरात, शेजारी, गावाकडे लवकर जन्मलेलं बाळ असेल तर आजच विचारा, ‘डोळ्यांचा पडदा तपासला का?’ एकदा तपासून भागत नाही. ‘आता येऊ नका’ असं डॉक्टर स्वतः म्हणेपर्यंत जात राहायचं. सव्वा महिना नंतर पाळता येईल, तिसावा दिवस पुन्हा येत नाही.