जर्नलवरची सही

परवा रात्री अकराच्या सुमारास बघितलं, तर आमचा बारावी सायन्सचा भाचा मान खाली घालून भराभर लिहीत होता. म्हटलं, अभ्यास जोरात चाललाय! जवळ जाऊन बघतो तर दोन जर्नल्स समोरासमोर उघडी. एक मित्राचं, एक याचं. प्रयोग मीटर ब्रिजचा.

"काय रे, ही रीडिंग्ज कोणी घेतली?"

"मामा, ती गेल्या वर्षीच्या पोरांची आहेत. हे प्रॅक्टिकल आमचं झालंच नाही. सर सही करतात."

मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण याच नगरमध्ये मीही तेच केलं होतं. ब्युरेटला हात न लावता टायट्रेशनची तीन रीडिंग्ज लिहिली होती, आणि तीही अगदी एकसारखी! खाली सरांची लाल सही. त्याला आम्ही कधी 'कॉपी' म्हटलंच नाही. कॉपी म्हणजे मोज्यातली चिठ्ठी, खिडकीला लटकलेला दोस्त, भरारी पथक आलं की उडणारी पळापळ. जर्नल म्हणजे नुसतं 'कम्प्लीट करणं'.

३ मार्च २०२३ आठवतो का? बारावीचा गणिताचा पेपर होता. मुंबईत दादरच्या एका केंद्रावर एका विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये तो पेपर सापडला. पोलिसांचा तपास आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजपर्यंत येऊन पोचला आणि तिथल्या शिक्षकांना अटक झाली. बातमी वाचून सगळे हळहळले, "हल्लीची पोरं!" अहो, पण पेपरचं पाकीट पोरांच्या ताब्यात असतं का? ते मोठ्यांच्या ताब्यात असतं.

परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम खरोखर राबवून दाखवली, आणि ती पुढे राज्यभर गेली. चांगलंच झालं. पण पथक परीक्षेच्या तीन तासांपुरतं येतं. वर्षभर जे चालतं ते कोण बघणार? बारावीला फिजिक्सचे ७० मार्क लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. त्या ७० साठी बंदोबस्त, आणि ३० साठी उतरवलेलं जर्नल!

यात खरा मार बसतो तो प्रामाणिक पोराला. स्वतः मीटर ब्रिजवर बसलेल्याची रीडिंग्ज थोडी वाकडीतिकडी येणारच. तार जुनी असते, जोडणी सैल असते, नजर चुकते. उतरवलेली रीडिंग्ज मात्र कशी सुबक! मग 'परत कर' असा शेरा कोणाला मिळतो? ज्यानं खरं केलं त्याला. सतरा वर्षांच्या मुलाला एवढा धडा पुरतो. पुढे तो इंजिनियर होऊन पुलाच्या काँक्रीटचे रिपोर्ट न तपासता भरेल, तेव्हा आपण पुन्हा हळहळणार.

सरांचीही बाजू आहे, नाही असं नाही. शंभर पोरं, चार उपकरणं, त्यातली दोन बंद, आणि अर्धा वर्ग क्लासला. पण मग पाचच प्रयोग झाले असतील तर पाचच्याच खाली सही करावी. बाकीची पानं कोरी राहू द्यावीत. कोरं पान निदान खोटं तरी बोलत नाही. आणि पालकांनीही कॉलेजला विचारावं, प्रयोगशाळा किती दिवस उघडी होती? फी भरताना आपण बाकी सगळं विचारतो, हे तेवढं विचारत नाही.

भाच्याला म्हटलं, "हा एक प्रयोग कोरा सोड."

"मार्क कापले तर तुम्ही देणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं पान उलटलं आणि पुढचा प्रयोग उतरवायला घेतला. मी दिवा मालवला नाही, की त्याला थांबवलंही नाही. म्हणजे त्या जर्नलवर आता एक सही माझीही आहे.

असो. उद्या त्याच्या आईला घेऊन कॉलेजात जाऊन येणार आहे. तो प्रश्न तरी विचारून बघतो.