‘चल, काढ गाडी’ म्हणण्याआधी

पावसाळा लागला की ग्रुपवर प्लॅन शिजायला लागतात. ताम्हिणी, माळशेज, काहीच नाही तर लोणावळा आहेच. कुणाच्या तरी बाबांची कार, नाहीतर सेल्फ ड्राइव्हची भाड्याची. माणसं पाच, लायसन्स एक. वडापाव कुठे खायचा, प्लेलिस्ट कुणाची, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे, सगळं ठरतं. गाडी कुणाला धडकली तर काय करायचं, हे मात्र कुणी काढत नाही. काढलंच तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून त्यालाच गप्प करतात.

मग कधीतरी खरंच धडक बसते आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘चल चल, काढ गाडी!’ त्यामागे दरवेळी निर्दयपणा असतो असं नाही. भीती असते. घरी कळेल, केस होईल, लोक मारतील. शेवटची भीती तर कायद्यालाही मान्य आहे. जखमीला डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकावर टाकतं. जमाव खवळला असेल तर तेवढ्यापुरती सूटही देतं. पण सूट म्हणजे गायब होणं नाही. सरळ जवळची पोलिस चौकी गाठायची आणि झालं ते सांगायचं. जास्तीत जास्त २४ तासांत. न सांगता पळालात, तर अपघाताच्या वर हा दुसरा गुन्हा.

‘लायसन्स माझ्याकडे आहे, मीच चालवत होतो म्हणून सांगतो,’ ही दोस्तीही नको. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले. ३०० शब्दांच्या निबंधाची ती अट आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्याच प्रकरणात चालक बदलण्याचा प्रयत्न आणि रक्ताचे नमुने बदलणं, अशा आरोपांखाली घरच्यांना आणि डॉक्टरांनाही अटक झाली होती. झाकायला गेलेले किती जण आत ओढले जातात, ते तिथे दिसलं.

जागच्या जागी हजार-पाचशे देऊन मिटवणंही धोक्याचं. डोक्याला मार लागलेला माणूस ‘काही नाही हो’ म्हणत उठतो आणि काही तासांनी त्याला उलट्या सुरू होतात. त्याला डॉक्टरकडे न्यायचंच. विमा कंपनीलाही कळवायचं.

आता आपली गाडी नसते तेव्हाचं बोलू. कारण बहुतेक वेळा आपण बघ्यांत असतो, आणि तिथे ‘नसतं लचांड नको’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते आता जुनं झालंय, हे घरच्या मोठ्यांनाही सांगा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना काही चुकलं, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोलिस तुम्हाला नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. ‘पोलिस केस आहे, आधी कागद आणा,’ असं डॉक्टरांना म्हणता येत नाही. जीव वाचवणं आधी, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल तर १९८९ चा आहे! पैशांचं म्हणाल तर, केंद्राच्या २०२५ च्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळू शकतात.

मग करायचं काय? एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा आणि ठिकाण नीट सांगायचं. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड बघा, ‘त्या मोठ्या ढाब्याजवळ’ म्हणून कुणाला कळत नाही. धडकलेल्या गाडीचं इंजिन बंद, पार्किंग लाइट चालू. एकाने रस्त्याच्या कडेने मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा. पहिल्या अपघातावर दुसरा चढतो तो इथेच. रक्त वाहत असेल तर ओढणी, रुमाल, जे असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. आग-बिग लागायची भीती नसेल तर जखमीला ओढू-उचलू नका, मणका दुखावलेला असू शकतो. श्वास अडत नसेल तर हेल्मेटही खेचून काढू नका. आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिली धाव बाटलीकडेच असते, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकतं. ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

आणि मोबाइल? फोन लागल्यावर जरूर काढा. नंबरप्लेट, गाड्या कुठे थांबल्यात, ब्रेकच्या खुणा, याचे फोटो पुढे खरंच उपयोगी पडतात. जखमीच्या चेहऱ्याचा व्हिडिओ कुणाच्याच कामाचा नाही. त्याच्या आईला मुलाची बातमी तुमच्या स्टेटसवरून कळू नये.

रक्त कसं दाबायचं, सीपीआर कसा द्यायचा, हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेड क्रॉस असे वर्ग घेतात. फेस्टला डीजे आणायला महिनाभर पळणाऱ्या कमिटीला आणि एनएसएसच्या सरांना एक दुपार काढणं जड नाही. ट्रिपचा सीझन सुरू व्हायच्या आत विचारून बघा.