उसातली पिल्ले आईचीच

ऊसतोडीच्या दिवसांत ‘फडात बिबट्याची पिल्ले सापडली’ अशी बातमी तुम्ही नेहमी वाचता. त्यातला ‘आईने टाकलेली’ हा शब्द मला फार खटकतो. शिकारीला जाताना मादी पिल्लांना दाट आडोशाला लपवते. जुन्नर भागात हा आडोसा म्हणजे उसाचा फड! वनखात्याची माणसे अशी पिल्ले संध्याकाळी त्याच जागी ठेवून दूर सरतात. बहुतेक वेळा रात्री मादी येते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते.

दूध काय, आपणही पाजू, असे तुम्ही म्हणाल. पण दूध सुटले तरी आई सुटत नाही. दीड-दोन वर्षे पिल्लू तिच्यामागे हिंडते. दबा कसा धरावा, सावज कसे पकडावे, माणसाची चाहूल लागताच कसे दडावे, हे शिकते. ही शाळा आपण कोठून काढणार? माणसाने वाढवलेला बिबट्या बहुधा जन्मभर पिंजऱ्यातच राहतो.

म्हणून पिल्लू दिसले तर उचलू नका (मोह होतो, कबूल!). आई जवळपास असू शकते, तेव्हा सर्वांनी मागे सरावे आणि वनखात्याला कळवावे. एका फडाची तोडणी एक दिवस लांबली म्हणून कारखाना बंद पडत नाही.