परतावा नव्हे, दस्तुरी

ऑनलाइन खरेदीवर ‘पैसे परत’ मिळवून देणाऱ्या कॅशबॅक संकेतस्थळांचे विद्यार्थ्यांत आणि अध्यापकांतही मोठे कौतुक चालते. त्या कौतुकातला ‘परत’ हा शब्दच खोटा आहे, असे आमचे म्हणणे आहे. उसने दिलेले पुस्तक परत येते, जादा भरलेला आयकर परत मिळतो. परत येते ते मुळात आपलेच असते. कॅशबॅकचा पैसा तसा नसतो. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दुकानाने दिलेल्या दलालीचा तो एक तुकडा असतो.

व्यवहार साधा आहे. आपण आधी कॅशबॅकच्या संकेतस्थळावर जातो आणि तिथल्या दुव्यावरून दुकानात पोहोचतो. कोणी पाठवले याची खूण कुकीच्या रूपाने ब्राउझरमध्ये राहते. समजा, ५०० रुपयांच्या खरेदीवर दुकानाने ३० रुपये दलाली दिली, तर संकेतस्थळ त्यातले १० ठेवते आणि २० आपल्या खात्यात दाखवते. ‘दाखवते’ हे क्रियापद आम्ही जाणूनबुजून योजले आहे. वस्तू परत करण्याची मुदत टळून दुकानाची मान्यता येईपर्यंत ते पैसे ‘प्रलंबित’च असतात.

हा धंदा लहान नाही. अमेरिकेत १९९८ साली निघालेली ईबेट्स ही कंपनी जपानच्या राकुतेनने २०१४मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरना विकत घेतली. भारतात कॅशकरो २०१३पासून आहे. नुसते पैसे परत करणाऱ्याला कोणी एवढे मोल देत नाही, मध्यस्थाला देतात. या प्राप्तीला आपल्याकडे जुना शब्दही आहे: दस्तुरी. मालकासाठी बाजार करणाऱ्या नोकराच्या हातावर दुकानदार जे टक्के ठेवी, ती दस्तुरी. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही तिची नोंद आहे. आज मालक आणि नोकर एकच झाले आहेत, एवढाच फरक. स्वतःच्याच खिशाला चाट लावल्याबद्दल आपण दस्तुरी घेतो आणि तिला बचत म्हणतो.

‘पण यात नुकसान कोणाचे?’ असे विचारले जाते. नुकसान आहे, आणि ते आपल्याच बिरादरीतल्या माणसाचे आहे. कोणी चार रात्री जागून एखाद्या पुस्तकाचे परीक्षण लिहितो आणि खाली खरेदीचा दुवा देतो. आपण ते वाचतो, पुस्तक घ्यायचे ठरवतो, आणि जाता जाता कॅशबॅकच्या दारावरून वळसा घेतो. दलाली बहुधा शेवटच्या दुव्याला मिळते. म्हणजे पटवून देणारा उपाशी राहतो आणि दारात उभा असलेला जेवतो. डिसेंबर २०२४मध्ये ‘हनी’ या विस्तारकावर इतरांची खूण पुसून आपली लावल्याचा आरोप झाला, तेव्हा तिची मालक कंपनी पेपॅल हिने शेवटच्या दुव्याच्या प्रचलित नियमाकडेच बोट दाखवले. तिथे निदान यंत्राला तरी दोष देता येतो. इथे ती खूण आपण स्वतःच्या हाताने पुसतो.

२० रुपये घेऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्याला ते मोठे असतात. मात्र ज्याच्या लेखणीने पुस्तक घ्यायला लावले, त्याच्याच दुव्यावरून ते घ्यावे. इतर वेळी दस्तुरी खुशाल घ्यावी, पण तिला दस्तुरीच म्हणावे. शब्दांची पारख शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी एवढे तरी पाळायलाच हवे.