महासंगणकाआधी कॉन्फिगरेशन फाइल तपासा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांच्या गतीची चर्चा पुष्कळ झाली; अशा यंत्रांवरील आकडेमोडीला सूचना पुरवणाऱ्या साध्या मजकूर-फाइलींची फारशी झाली नाही.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने यॅमल फाइलीत केंद्रांची ओळख म्हणून याच शहरांचे एसटीडी क्रमांक लिहिले: ०२०, ०११, ०३३. पायथनमधील प्रचलित पाय-यॅमल लायब्ररी यॅमल १.१ चे नियम पाळते आणि शून्याने सुरू होणारे असे आकडे अष्टमान पद्धतीचे समजते. हाती येतात १६, ९ आणि २७. बंगळूरचा ०८० मात्र अक्षरमाला म्हणून जसाच्या तसा राहतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. भारतीय प्रमाणवेळेचा फरक ५:३० असा लिहिला, तर त्याचे ३३० होतात. मिनिटांत मोजल्यास ते बरोबरही ठरते. म्हणूनच चूक लवकर ध्यानात येत नाही. अशा चुकांनी प्रोग्रॅम थांबेलच असे नाही. उत्तर मिळते, आलेखही निघतो.

यॅमल-लिंटसारखा लिंटर यासाठीच पाइपलाइनच्या पहिल्या टप्प्यावर हवा, आणि तोही ठरावीक आवृत्तीच्या कंटेनरमध्ये. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर एक आवृत्ती आणि सर्व्हरवर दुसरी असेल, तर एकाच फाइलीचे दोन निकाल लागतात आणि तपासणीवरचा विश्वास उडतो. ‘लेटेस्ट’ असा टॅग लावलेली इमेज हाच घोळ मागच्या दाराने आत आणते. ही तपासणी काही सेकंदांत संपते. महासंगणकाच्या रांगेत मात्र तासन्‌तास जाऊ शकतात.

तथापि लिंटर बसवला म्हणजे काम झाले, हा समज धोक्याचा आहे. यॅमल-लिंटमधील अष्टमान आकड्यांचा नियम मुळात बंद असतो, त्यामुळे ०२० असलेली फाइल हिरवी खूण मिळवून पुढे जाते. ‘यस’, ‘नो’ यांसारख्या शब्दांबाबत तो केवळ इशारा देतो, आणि ‘स्ट्रिक्ट’ पर्याय दिला नसेल तर निव्वळ इशाऱ्यांनी पाइपलाइन अडत नाही. हे नियम प्रयोगशाळेने स्वतः ठरवून, लिहून, मूळ प्रोग्रॅमसोबत जतन केले पाहिजेत. आयत्या मांडणीवर विसंबणे ही संशोधनातील हयगयच होय.

५:३० ची चूक तर त्याच्या कोणत्याच नियमात सापडत नाही. तिच्यासाठी प्रत्येक मूल्याचा प्रकार आणि मर्यादा तपासणारा स्कीमा, लिंटरनंतरचा टप्पा म्हणून, वेगळा लिहावा लागतो.