आवाज शोधायचीही मजुरी द्या

पाऊस ओसरायला लागला की मलकापुरातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: पिकअप खालून आवाज करतेय. मालकाला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते, पहाटे दुधाचे कॅन भरायचे असतात. मग अंदाजाने सामान बदलणं सुरू होतं. आधी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, मग सेंटर बेअरिंग, शेवटी क्राउन-पिनियनचा सेट. खिसा रिकामा होतो आणि आवाज तसाच राहतो. याचा दोष मी मिस्त्रींपेक्षा गाडीवाल्यांना जास्त देतो. सामानाचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो, पण गाडी चालवून बघण्यात, खाली झोपून कारण शोधण्यात गेलेला मिस्त्रीचा तास आपल्याला फुकट हवा असतो.

त्या तासात काय होतं ते बघा. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधे क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल. चासीतून आवाज असा फिरतो की मागच्या हबची घरघर सीटखालून आल्यासारखी वाटते. म्हणून जाणता मिस्त्री आधी आवाज कधी येतो ते विचारतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर आणि क्लच दाबताच गप्प, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. गाडी सुटताना आणि रिव्हर्समधून पुढे घेताना ‘खट्ट’ होत असेल तर क्रॉस ढिला, नाहीतर डिफरन्शियलमध्ये खेळ. रेस दिल्यावर हुंकार आणि पाय उचलताच त्याचा सूर बदलला, तर क्राउन-पिनियन आणि त्याची बेअरिंग बघावी. डाव्या वळणावर घरघर वाढली तर उजवा हब तपासायचा, कारण वळणात वजन बाहेरच्या चाकावर जातं. चालत्या गाडीत गिअर काढून आवाज ऐकायचा असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावरच. आंबा घाट उतरताना हे कुणीही करू नये. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो.

जादा माल बसावा म्हणून मागे पाटे वाढवले जातात, तिथे माझी खरी हरकत आहे. पाटे वाढले की चासी उचलते, शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस वाढत्या कोनात फिरायला लागतो. कोनात फिरणारा एकटा क्रॉस पुढची गती एकसारखी देत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा कमी-जास्त होते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने अभ्यासलेला हा सांधा. दुसरा क्रॉस ती चूक भरून काढतो, पण दोन्हींचे काटे एका रेषेत आणि कोन जुळलेले असतील तरच. म्हणून शाफ्ट खोलण्याआधी चांगला मिस्त्री दोन्ही तुकड्यांवर खडूने एक आडवी रेघ ओढतो. जोडताना ती रेघ जुळली नाही तर नव्या क्रॉससकट गाडी थरथरते आणि दोष दुकानदाराच्या मालाला लागतो.

आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या पावसात आणखी एक गोष्ट घडते. घाट चढून तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर किंवा सील खराब असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि हुंकार पुढे दिवाळीच्या सुमारास ऐकू येतो. ओढ्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचा बोल्ट ढिला करून ऑइलचा रंग तरी बघायला सांगा.

मलकापूरच्या गॅरेजवाल्यांनी पाहणीचा दर पाटीवर लिहावा आणि आपण तो घासाघीस न करता द्यावा, अशी माझी मागणी आहे. आणि आवाज माल भरल्यावरच येत असेल, तर गाडी रिकामी करून दाखवायला नेऊ नका. नेमाने भरता तेवढं वजन ठेवा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा.