अस्मितेचा सोऱ्या

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळ्यावरचा सोऱ्या खाली येतो. चांदणीची चकती बसवली की चकली, बारीक भोकांची बसवली की शेव. भाजणी खमंग झाली आहे की करपली आहे, याची विचारपूस सोऱ्या करीत नाही. वरून दाबले की खालून ठरलेला आकार बाहेर पडतो. फराळाच्या बाबतीत हा त्याचा गुणच म्हणावयाचा. पण हेच यंत्र आमच्या प्राध्यापकांनी, गाइडकारांनी आणि निबंधस्पर्धा भरविणाऱ्या मंडळींनी वाङ्मयाच्या स्वयंपाकघरात आणून ठेवले आहे. त्याविरुद्ध चार कडू शब्द या गोडाधोडाच्या अंकात लिहिण्याची परवानगी मी वाचकांकडे मागते.

‘साहित्यातील स्त्री आणि तिची अस्मिता’ हा विषय हल्ली कॉलेजातल्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला एकदा तरी येतो. तुमच्या घरात बी.ए.ला बसलेली मुलगी, सून किंवा भाची असेल तर तिची वही उघडून पाहा. पहिल्या परिच्छेदात मनू, दुसऱ्यात व्हर्जिनिया वुल्फबाईंची खोली, तिसऱ्यात नायिका सोसते, चौथ्यात तिला ‘आत्मभान’ येते आणि पाचव्यात ती ‘अस्मितेच्या शोधात’ निघते. नायिका कोणाचीही असो! हरिभाऊ आपट्यांची यमू असो की गौरी देशपांड्यांची एखादी परदेशात राहिलेली बाई असो, चकली तीच. आता तर असा निबंध यंत्रही अर्ध्या मिनिटात लिहून देते, आणि प्राध्यापक मंडळी हळहळतात की मुलीने लिहिलेला कोणता आणि यंत्राने लिहिलेला कोणता हे ओळखू येत नाही. ओळखू कसे यावे? मुलीच्या हाती यंत्र तर तुम्हीच आधी दिले होते.

या शब्दाचीच गंमत पाहा. अस्मिता हा पतंजलींच्या योगसूत्रांतला शब्द. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश, म्हणजे माणसाला छळणाऱ्या पाच व्याधी. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच वाटू लागणे, ही त्यांतली दुसरी व्याधी. पुढे गुजरातेत कन्हैयालाल मुनशींनी तो प्रांताच्या स्वाभिमानासाठी वापरला, आपल्याकडेही तो त्याच थाटात आला, आणि आज आपण तो प्रत्येक नायिकेच्या कपाळी कुंकवासारखा लावतो. शब्दांचे अर्थ पालटतात, त्याला कोणाचा इलाज नाही. पण जो शब्द लावताच सगळ्या बायका सारख्या दिसू लागतात, तो ‘ओळख’ या अर्थाने वापरावा, हे मात्र अजब!

रमाबाई रानड्यांचे पुस्तक घ्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१०. ठराविक निबंध या पुस्तकापाशी येतो आणि नाक मुरडतो. ‘लेखिकेचे अस्तित्व पतीच्या छायेत लोपले आहे’, असे एक वाक्य लिहून तो पुढे सरकतो. पण त्या काळच्या कुलीन बाईने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, मग त्याच्याविषयी पुस्तकभर लिहावयाचे कसे? रमाबाई न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले. १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, त्याचे नावच ‘हिमसेल्फ’ असे ठेवले गेले. आता सांगा, स्त्रीच्या स्वत्वाचा शोध घेणाऱ्या निबंधाला याहून मोठे घबाड मिळावयाचे ते कोठे? मराठीतल्या एका पहिल्यावहिल्या महत्त्वाच्या स्त्री-आत्मकथनात ‘स्वतः’ हा शब्द आहे, पण तो नवऱ्यासाठी आहे. आणि हे लिहिणारी बाई कोण? घरातल्या बायकांचे टोमणे सोसून रात्री अभ्यास केलेली आणि १९०९ पासून पुण्यात सेवासदन चालविणारी. सभेत अध्यक्ष म्हणून बोलणाऱ्या बाईने घरी येऊन लेखणी उचलली की ‘स्वतः’ दुसऱ्याला द्यावयाचा, यात नुसती लाचारी होती की चातुर्य होते, की ज्याला आपण विरोध म्हणतो तो तिला विरोध वाटतच नव्हता? यावर घरात दिवाळीचे चार दिवस भांडता येईल. पण शेकडा शंभर निबंधांत या शब्दाकडे कोणाची नजरसुद्धा जात नाही, कारण अर्थ आधीच ठरलेला असतो, आणि ठरलेल्या अर्थाला शब्दांची गरज नसते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने बाहेर पडली. म्हणजे मध्ये गेली जेमतेम पंचवीस वर्षे. आणि या बाई नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात! शेजारच्या माणसाला हाक मारावी तसे. टिळकांचा राग, घरात दाणा नसताना हातातले देऊन टाकण्याची त्यांची खोड, कोणाला न सांगता ख्रिस्ती होणे, त्यानंतरची दोघांची ताटातूट, हे सारे त्या सांगतात ते हसत, आणि आपल्यालाही हसवीत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने बालपण कसे पिळवटून निघाले, ते वाचताना आपण हसतो आणि मग आपल्याच हसण्याची लाज वाटते. १८९५ साली नवरा बाटला म्हणून कोसळलेली ही बाई १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेते. पण मधल्या पाच वर्षांत ती तसूतसूने, एकेका पाण्याच्या पेल्याने, स्वतःच्या बुद्धीने सरकली आहे. निबंध लिहिणाऱ्याला हा विनोद परवडत नाही. दुःख भोगणारी स्त्री विनोद करू लागली की सोऱ्यातले पीठ सैल पडते. मग ‘लेखिकेची शैली खुसखुशीत आहे’ असे शेवटी, शैलीच्या रकान्यात, एक वाक्य. मी म्हणते, लक्ष्मीबाई जे कोणी आहेत ते त्या विनोदातच आहेत. तो बाजूला काढलात तर हाती सोसणारी एक बाई उरेल, आणि तशा बाया गावोगाव होत्या.

नावांचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. ताटात तांदूळ पसरून त्यात नवे नाव लिहावयाचे. लक्ष्मीबाई माहेरच्या मनू गोखले. रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. (यमुनांचे मराठीत काय नाते आहे कोण जाणे. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ची नायिका यमुना, हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची यमू, आणि डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच.) बाळूताई खरे लग्नानंतर मालती बेडेकर झाल्या, आणि लिहिताना विभावरी शिरूरकर. एका जन्मात तीन नावे! ज्या भाषेत लेखिकेच्या मुखपृष्ठावरच ही एवढी उलथापालथ आहे, तिथे ओळखीचा प्रश्न परक्या देशाच्या पुस्तकातून उसना आणावयाची गरज काय?

आणि उसना आणावयाचाच तर नीट तरी आणा. वुल्फबाईंच्या १९२९ च्या पुस्तकातून आम्ही खोली उचलली आणि पैसे तिथेच विसरलो. त्या खोलीबरोबर वर्षाला पाचशे पौंडही मागतात, आणि त्यांचा खरा रोख पैशावर आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा विभावरीबाईंनीही नेमके पैशाचेच बोट दाबले होते. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. तिच्या पगारावर घर चालते. म्हणून तिचे लग्न कोणाला सुचत नाही. त्यातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. ‘बाबांचा’ आणि ‘माझा’ या दोन षष्ठींत सारा जमाखर्च मांडला आहे. त्या वेळच्या महाराष्ट्राने पुस्तक वाचावयाचे सोडून विभावरी कोण याचाच तपास केला. आजचा निबंध काय करतो? तोही तेच करतो! ‘स्त्रीमनाचा हुंकार’ असे म्हणून बाईचे बाईपण सांगतो आणि पगाराचा आकडा गाळतो. पुढे याच बाईंनी १९५० साली ‘बळी’ लिहिली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली माणसे तिच्यात आहेत, आणि ती त्यांनी तिथे नोकरी करून पाहिलेली आहेत. ही कादंबरी अस्मितेच्या निबंधात क्वचितच येते, कारण तिच्यात ‘स्त्रीप्रश्न’ नाही! बाईने बाईविषयीच लिहावे, हा जुना दंडक नव्या नावाने परत आला, तो असा.

बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’ची दशा याहून वाईट. फलटणच्या छोट्या दुकानात बसून, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता, या बाईंनी आपल्या माणसांचे जिणे लिहिले आणि कित्येक वर्षे ते नवऱ्यापासून लपवून ठेवले. १९८६ साली पुस्तक झाले. कुठली खोली, कुठले पाचशे पौंड! पुढे इंग्रजी भाषांतरकार माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगितले. पुस्तकात ते जवळजवळ नाही. का नाही, तर त्यांना आपल्या एकटीच्या दुःखापेक्षा समाजाचे दुःख सांगावयाचे होते. पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे. रमाबाईंच्या नावातही ‘आमच्या’ आहे. एकीचे ‘आम्ही’ म्हणजे ती आणि तिचा पती. दुसरीचे ‘आम्ही’ म्हणजे आंबेडकरांच्या हाकेने उठलेली अख्खी वस्ती. सोऱ्यातून काढल्यावर मात्र दोघींच्याही नावे एकच शेरा पडतो : ‘मी’चा अभाव. एका सर्वनामातले एवढे मोठे अंतर ज्याला दिसत नाही, त्याने बायकांच्या स्वत्वावर लिहू नये, खुशाल पावसाळ्याचे वर्णन लिहावे.

यावर दोन बाजूंनी आरडाओरडा होईल, हे मला ठाऊक आहे. एक बाजू म्हणेल, ‘आम्ही हेच सांगत होतो. वाङ्मयात स्त्री आणि पुरुष असा भेद करूच नये. चांगले ते चांगले.’ या सभ्य गृहस्थांना मी एवढेच विचारते, की बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली निघाले, ते तुमच्या त्या भेदरहित वाङ्मयाच्या इतिहासात कोठे होते? जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, ती तेवढीच. १९७५ साली स. गं. माळश्यांनी ते पुन्हा छापीपर्यंत त्र्याण्णव वर्षे तुमच्या तराजूला ते दिसले नाही. तेव्हा तराजूची शेखी पुरे.

दुसरी बाजू म्हणेल, निबंध ठराविक असले तरी त्यांच्यामुळे मुली ही पुस्तके हाती तरी घेतात. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. अभ्यासक्रमात नाव आले नसते तर ताराबाई आजही अडगळीत असत्या. पण हाती घेऊन मुली काय वाचतात? ताराबाईंचे पुस्तक हुंदका नव्हे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ साली मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर तोंड सोडले, आणि या बाईने त्यांची उलटतपासणी घेतली. पुरुषांनी बायकांचे जे जे दुर्गुण मोजले, तो एकेक उचलून ती विचारते की हा तुमच्यात नाही काय? बायका निर्मळ असतात असे ती म्हणतच नाही! ती शिव्या देते, देवांची थट्टा करते, कोर्टातल्या वकिलासारखी अडवते. असे पुस्तक वाचून मुलीने ‘ताराबाईंना आत्मभान आले’ असे लिहावे आणि आठ गुण मिळवावे, यात पुस्तकाचे नुकसान आहेच. पण त्याहून मोठे नुकसान त्या मुलीचे आहे. तिला भांडणाची एक अव्वल रीत हाताशी मिळत होती. आपण तिला ती शिकू दिली नाही.

या निबंधांची आणखी एक खोड अशी की नायिकेशी मतभेद हा त्यांत गुन्हा असतो. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न, धर्मराज आधी स्वतःला हरला होता की मला, हा आपल्याकडे स्त्रीच्या तेजाचा नमुना म्हणून मिरवला जातो. इरावतीबाई सांगतात की ती द्रौपदीची घोडचूक होती; एवढा प्रसंग ओढवला असताना पंडितेसारखा कायद्याचा कीस काढण्याची ती वेळ नव्हती. पटो, न पटो. मला स्वतःला ते पुरते पटत नाही. त्याआधी पाच वर्षे, १९६२ साली, दुर्गाबाई भागवतांनी ‘व्यासपर्व’ लिहिले, आणि तिथली द्रौपदी निराळ्याच मुशीतली आहे. दोन विदुषी, एकच नायिका, आणि दोघींपैकी एकीनेही तिला गोंजारलेले नाही. द्रौपदी माणूस आहे, तेव्हा ती चुकूही शकते, इतका मान इरावतीबाई तिला देतात. आजच्या निबंधात हेच मत एखाद्या मुलीने मांडले तर तिची वही लाल शाईने भरेल.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एक सूचना. ‘स्त्री-अस्मितेच्या संदर्भात चर्चा करा’ हा प्रश्न पाच वर्षे कुलूपबंद ठेवा. त्याऐवजी असे विचारा : रमाबाई नवऱ्याला ‘स्वतः’ म्हणतात आणि लक्ष्मीबाई ‘टिळक’ म्हणतात; तुमच्या आजीने, आईने आणि तुम्ही हा माणूस कोणकोणत्या शब्दाने हाकारला, किंवा हाकारणार आहात, ते सांगून या दोन पुस्तकांतील कोणतीही चार पाने वाचा आणि लिहा. या प्रश्नाचे उत्तर गाइडात मिळणार नाही. मुलीला उठून स्वयंपाकघरात आजीकडे जावे लागेल, आणि आजी चकल्या तळता तळता काय सांगेल याचा अंदाज परीक्षकालाही असणार नाही.